जगाच्या नकाशाखाली प्रक्षेपणाचे नाव छापा: नकाशासंग्रहांच्या संपादकांना खुले पत्र

प्रति,
शालेय नकाशासंग्रह, भूगोलाची पाठ्यपुस्तके आणि भिंतीवरचे नकाशे तयार करणारे संपादक व नकाशाकार

विषय: जगाच्या सपाट नकाशात देशांचे क्षेत्रफळ चुकीचे दिसते, त्याबाबत

सप्रेम नमस्कार.

आर्क्टिक महासागरातला स्वालबार्ड हा नॉर्वेचा द्वीपसमूह सुमारे ६२ हजार चौरस किलोमीटरचा आहे. श्रीलंकेचे क्षेत्रफळ ६५ हजार ६१० चौरस किलोमीटर. म्हणजे दोघांत श्रीलंका थोडी मोठी. आता मर्केटर प्रक्षेपणावर (प्रक्षेपण म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याची रीत) काढलेल्या जगाच्या नकाशात ही दोन्ही ठिकाणे शोधा. तिथे स्वालबार्ड श्रीलंकेच्या सुमारे पंचवीस पट भरतो. किनारे नीट काढलेले असतात, अक्षांश-रेखांश बरोबर असतात, छपाईत काही चूक नसते. तरीही पाहणाऱ्याच्या मनात जे ठसते ते साफ चुकीचे असते, आणि त्याला सावध करणारी एक ओळही त्या नकाशाखाली नसते.

आमच्या दोनच मागण्या आहेत. ज्या नकाशावर वाचक क्षेत्रफळाची तुलना करणार आहे, तो नकाशा समक्षेत्र प्रक्षेपणावर, म्हणजे ज्यात सगळ्या प्रदेशांच्या क्षेत्रफळांचे प्रमाण खरे राहते अशा प्रक्षेपणावर काढा. आणि जगाच्या प्रत्येक नकाशाखाली, मग तो कोणत्याही प्रक्षेपणावरचा असो, प्रक्षेपणाचे नाव आणि त्यात काय बिघडते हे एका ओळीत छापा. पुढे त्यामागची कारणे आहेत आणि ते करताना येणाऱ्या अडचणीही आहेत, कारण ‘प्रक्षेपण बदला’ एवढे सांगून काम होत नाही हे आम्हाला ठाऊक आहे.

गोल पृष्ठभाग न ताणता, न फाडता सपाट करता येत नाही. हे कार्ल फ्रीडरिश गाउस यांनी १८२७ साली गणिताने सिद्ध केले. त्यामुळे प्रत्येक सपाट नकाशात काहीतरी सोडावे लागते: क्षेत्रफळ, आकार, अंतर किंवा दिशा. मर्केटर या नकाशाकाराने क्षेत्रफळ सोडले. पृथ्वीवर रेखावृत्ते ध्रुवाकडे एकमेकांच्या जवळ येत जातात. एका रेखांशाची रुंदी विषुववृत्तावर १११.३ किलोमीटर असते, ३० अंशांवर ९६.५, ४५ अंशांवर ७८.८, ६० अंशांवर ५५.८ आणि ८० अंशांवर जेमतेम १९.४ किलोमीटर. मर्केटरच्या नकाशात मात्र ही रेखावृत्ते शेवटपर्यंत समांतर उभी राहतात. म्हणजे ६० अंशांवरची जमीन पूर्व-पश्चिम दुप्पट ताणली गेली. एवढेच केले तर देश आडवे पसरून विद्रूप दिसतील, म्हणून त्याच जागी उत्तर-दक्षिण ताणही दुप्पट दिला जातो. आकार राहतो, क्षेत्रफळ चौपट होते. हा ताण अक्षांशाच्या कोज्येच्या (कोसाइनच्या) व्यस्तात वाढतो आणि क्षेत्रफळ त्याच्या वर्गात. ३० अंशांवर क्षेत्रफळ १.३३ पट, ४५ वर २ पट, ६० वर ४ पट, ७० वर साडेआठ पट, ७५ वर जवळपास १५ पट आणि ८० वर ३३ पट. ध्रुवावर ते अनंत होते. म्हणूनच मर्केटरच्या कोणत्याही नकाशात ध्रुव कधीच नसतो, कुठेतरी कात्री लावावीच लागते.

यात मर्केटरचा दोष नाही. १५६९ साली त्याने हा नकाशा १८ पत्रकांवर छापला तो खलाशांसाठी. एकच होकायंत्र-दिशा धरून चाललेल्या जहाजाचा मार्ग या नकाशात सरळ रेषा होतो, त्यामुळे पट्टी ठेवून दिशा वाचता येते. त्यामागचे गणित कोष्टकांच्या रूपात एडवर्ड राइट या इंग्रज गणितज्ञाने १५९९ साली छापले. नौकानयनाला हे प्रक्षेपण आजही उपयोगी आहे. वर्गाच्या भिंतीवर मात्र कोणी जहाज हाकत नाही. तिथे मूल देशांकडे पाहते आणि कोण मोठा, कोण लहान हे मनात ठेवून घरी जाते.

कात्री कुठे लावली जाते यानेही चित्र पालटते. समजा, मर्केटरवरचा भिंतीचा नकाशा १०० सेंटिमीटर रुंद आहे आणि तो उत्तरेला ८० अंशांवर व दक्षिणेला ६० अंशांवर कापला आहे. अशा नकाशात विषुववृत्त वरच्या कडेपासून ३८.८ सेंटिमीटर खाली येते आणि खालच्या कडेपासून फक्त २१ सेंटिमीटर वर. पृथ्वीचा मध्य कागदाच्या मध्याच्या पुष्कळ खाली घसरतो. आता कागदाचा हिशेब पाहा. कर्कवृत्त आणि मकरवृत्ताच्या मधला पट्टा म्हणजे पृथ्वीच्या पृष्ठभागाचा सुमारे ४० टक्के भाग. या नकाशात त्याला साडेबावीस टक्केही कागद मिळत नाही. ६० ते ८० अंश उत्तर हा पट्टा पृथ्वीच्या पृष्ठभागाचा जेमतेम ६ टक्के. त्याला कागद मिळतो ३० टक्के. जगातले इतके लोक, जंगले, नद्या आणि पिके ज्या पट्ट्यात आहेत, त्याला बर्फाळ प्रदेशापेक्षा कमी जागा! भूगोल शिकवण्याच्या साधनात ही गोष्ट आम्हाला सहन होण्यासारखी वाटत नाही.

ग्रीनलँड आणि आफ्रिकेची जोडी सगळ्यांना माहीत आहे. ग्रीनलँड २१ लाख ६६ हजार चौरस किलोमीटर, आफ्रिका सुमारे ३ कोटी ३ लाख, म्हणजे चौदा पट. नकाशात दोन्ही सारखीच दिसतात. पण याच एका जोडीवर थांबल्यामुळे मुलांना वाटते की ग्रीनलँड हा एक विचित्र अपवाद आहे. म्हणून पुस्तकात आणखी जोड्या द्या. सौदी अरेबिया सुमारे २१ लाख ५० हजार चौरस किलोमीटर, जवळजवळ ग्रीनलँडएवढाच. अल्जीरिया आणि काँगो लोकशाही प्रजासत्ताक हे दोन्ही देश ग्रीनलँडहून मोठे आहेत. भारत त्याच्या दीडपट. अलास्का ब्राझीलएवढा दिसतो, पण ब्राझील त्याच्या जवळपास पाचपट आहे. अलास्काहून तर मेक्सिकोही मोठा. आइसलँड १ लाख ३ हजार आणि क्युबा १ लाख १० हजार, पण नकाशात आइसलँड क्युबाच्या चौपटीहून मोठा. मादागास्कर स्वीडनहून मोठा आहे आणि युनायटेड किंग्डमच्या जवळपास अडीचपट. आफ्रिकेचा आवाका पटवायचा असेल तर एक बेरीज पुरते: चीन, अमेरिकेची संयुक्त संस्थाने, भारत आणि ऑस्ट्रेलिया यांची क्षेत्रफळे मिळवा. उत्तर सुमारे ३ कोटी ४ लाख येते, म्हणजे जवळपास अख्खी आफ्रिका.

तुमच्यापैकी अनेकांचे उत्तर असेल की आम्ही मर्केटर कधीच सोडला. खरे आहे, अनेकांनी सोडला. नॅशनल जिओग्राफिक सोसायटीने १९८८ साली जगाच्या नकाशांसाठी रॉबिन्सन प्रक्षेपण घेतले आणि १९९८ साली विंकेल ट्रिपेल. १९८९ साली उत्तर अमेरिकेतल्या सात भूगोल आणि नकाशाशास्त्र संस्थांनी ठराव करून प्रकाशकांना आणि माध्यमांना विनंती केली की सर्वसाधारण कामासाठी जगाचे आयताकृती नकाशे वापरू नका. पण मर्केटर सोडल्यावर त्याच्या जागी काय आले? पुष्कळदा मिलर दंडगोल प्रक्षेपण येते, कारण ते पानात नीट बसते आणि ध्रुवही दिसतात. १९४२ सालच्या या प्रक्षेपणात ६० अंशांवर क्षेत्रफळ चौपट नसते, पण तिप्पट असते. ७५ अंशांवर ते पावणेआठ पट होते. नाहीतर अक्षांश-रेखांशांची नुसती चौकटीची जाळी येते, जिच्यात ६० अंशांवर देश रुंदीला दुप्पट आणि चेपलेले दिसतात. दोन्हींवर प्रक्षेपणाचे नाव नसते, आणि शिक्षकाला ते ओळखण्याचा मार्ग कोणी सांगितलेला नसतो.

तो मार्ग सोपा आहे आणि नकाशासंग्रहाच्या पहिल्या पानांवर जागा मिळण्याच्या योग्यतेचा आहे. पट्टी घ्या आणि नकाशाच्या मधल्या रेखावृत्तावर ० ते १०, ५० ते ६० आणि ७० ते ८० अंश ही तीन अंतरे मोजा. वर सांगितलेल्या १०० सेंटिमीटर रुंद मर्केटर नकाशात ती अनुक्रमे २.८, ४.९ आणि ११.२ सेंटिमीटर भरतील. शेवटचे अंतर पहिल्याच्या चौपट भरले आणि रेखावृत्ते समांतर असली, तर तो मर्केटर. वाढ आहे पण दुपटीच्या आसपासच, तर बहुधा मिलर. सगळी अंतरे सारखी आणि नकाशा आयताकृती, तर नुसती जाळी. रेखावृत्ते वक्र असली आणि अंतरे ध्रुवाकडे किंचितच कमी होत गेली, तर रॉबिन्सन किंवा तशाच तडजोडीचे प्रक्षेपण. आयताकृती नकाशात अंतरे ध्रुवाकडे झपाट्याने कमी झाली, तर ते समक्षेत्र दंडगोल.

रॉबिन्सनबद्दल एक स्पष्ट सांगायला हवे, कारण त्याला अनेकदा ‘खरा नकाशा’ म्हटले जाते. ते समक्षेत्र नाही. विषुववृत्ताच्या तुलनेत ७० अंशांवरची जमीन त्यात सुमारे पावणेदोन पट मोठी दिसते. मर्केटरच्या साडेआठ पटीपुढे ही चूक लहान आहे आणि सर्वसाधारण राजकीय नकाशाला ती चालून जाईल. घनता, जंगल, पीक किंवा तापमान दाखवणाऱ्या नकाशाला ती चालणार नाही.

उलट बाजूची चूकही होऊ देऊ नका. जेम्स गॉल याने १८५५ साली सुचवलेले आणि आर्नो पीटर्स यांनी १९७३ पासून जोमाने पुढे आणलेले आयताकृती समक्षेत्र प्रक्षेपण अनेकांना न्याय्य वाटते. क्षेत्रफळ त्यात बरोबर असते, यात वाद नाही. पण त्याचे प्रमाण ४५ अंशांवर बसवलेले आहे, त्यामुळे विषुववृत्तावर जमीन उत्तर-दक्षिण १.४१ पट ताणली जाते आणि पूर्व-पश्चिम ०.७१ पट दाबली जाते. तिथला गोल प्रदेश रुंदीच्या दुप्पट उंच दिसतो. ज्या आफ्रिकेला न्याय द्यायचा, तिलाच लोंबलेली दाखवायची, हा आम्हाला चांगला सौदा वाटत नाही. आणि मूल जेव्हा पृथ्वीगोलाशी तो आकार ताडून पाहते, तेव्हा नकाशावरचा त्याचा विश्वासच उडतो.

मग काय वापरावे? आमची पसंती ‘इक्वल अर्थ’ प्रक्षेपणाला आहे. बोयान शाव्रिच, टॉम पॅटरसन आणि बर्नहार्ड येनी यांनी ते २०१८ साली मांडले. ते समक्षेत्र आहे, दिसायला रॉबिन्सनसारखे आहे, अक्षवृत्ते सरळ आडवी आहेत. हा शेवटचा गुण शाळेसाठी मोलाचा आहे, कारण एकाच अक्षांशावरची ठिकाणे पट्टी लावून शोधता येतात. २०२५ साली आफ्रिकी संघाने मर्केटर मागे घेण्याच्या मोहिमेला पाठिंबा दिला, तेव्हा पर्याय म्हणून हेच प्रक्षेपण पुढे होते. त्याचे दोषही वाचकाला सांगा: ध्रुव बिंदूऐवजी रेषा होतो, आणि अलास्का, न्यूझीलंड अशा कडेच्या प्रदेशांचे आकार तिरके होतात. १८०५ चे मोलवाइडे किंवा १९०६ चे एकर्ट चौथे ही जुनी समक्षेत्र प्रक्षेपणेही चालतील. एकाच खंडाचा नकाशा असेल तर १७७२ साली लाम्बर्टने दिलेले समक्षेत्र खमध्य प्रक्षेपण त्या खंडाच्या मध्यावर बसवा, आकार फारच कमी बिघडतो.

आता पान लावणाऱ्यांच्या अडचणी.

इक्वल अर्थचा नकाशा रुंदीला उंचीच्या २.०५ पट असतो. उभ्या एका पानावर तो लहान होतो, म्हणून तो दोन पानांवर पसरा. दोन पानांवर घेतला की मधले रेखावृत्त घडीत जाते. घडीच्या दोन्ही बाजूंना नकाशाचे चित्र काही मिलिमीटर सरकवून घेतले नाही, तर पश्चिम युरोप आणि आफ्रिकेची एक पट्टी बांधणीत गडप होते. छापण्याआधी बांधलेल्या नमुना प्रतीवर हे पाहून घ्या, सुट्या पानांवर ही चूक कळत नाही. मधले रेखावृत्त ग्रिनिचऐवजी ११ अंश पूर्व घ्या. मग नकाशाची कड १६९ अंश पश्चिमेला, म्हणजे बेरिंगच्या सामुद्रधुनीत पडते आणि रशियाचे चुकोत्का टोक तुटून डाव्या कडेला जाऊन बसत नाही. अल्यूशियन बेटांची माळ तरीही दोन्ही कडांत वाटली जाईल, तेवढे सोसावे लागेल.

मधले रेखावृत्त बदलताना नेमके इथेच नकाशे बिघडतात. नॅचरल अर्थसारखी मोफत आधारसामग्री १८० अंशांवर कापलेली असते. मध्य ११ अंशांवर नेला की दोन गोष्टी होतात. जुनी शिवण चुकोत्काच्या मधोमध सीमारेषेसारखी दिसू लागते. ती दोन तुकडे एकत्र विलीन करून काढावी लागते. आणि जे आकार १६९ अंश पश्चिमेला ओलांडतात, जसे सेंट लॉरेन्स बेट आणि अंटार्क्टिका, त्यांचे बिंदू नकाशाच्या दोन टोकांना जाऊन मधून आडव्या रेघा ओढल्या जातात. उपाय एकच: प्रक्षेपण बदलण्याआधी, मूळ अक्षांश-रेखांशातच, १६९ अंश पश्चिमेवर सगळे आकार कापून घ्या. नंतर कापण्याचा प्रयत्न केला तर रेघा जात नाहीत.

दुसरा बिघाड लवकर लक्षात येत नाही. सामग्रीतल्या लांब सरळ रेषांना फक्त दोन टोकांचे बिंदू असतात. प्रक्षेपणात ती रेषा वक्र व्हायला हवी, पण संगणक दोन टोके सरळ जोडतो. अलास्का आणि कॅनडामधली १४१ अंश पश्चिमेवरची सीमा, इजिप्त आणि लिबियामधली २५ अंश पूर्वेवरची सीमा इथे हे पाहा. विंकेल ट्रिपेल वापरत असाल तर ४९ अंश उत्तरेवरची अमेरिका-कॅनडा सीमाही पाहा, कारण त्यात अक्षवृत्तेही वाकतात. सगळ्यात वाईट गत समुद्राच्या निळ्या पार्श्वभूमीची. तिचे चारच कोपरे असतात आणि ते चारही ध्रुवरेषांच्या टोकांवर जातात, त्यामुळे निळा रंग मधल्या चौकोनातच भरतो आणि कडेचे महासागर पांढरे राहतात. प्रक्षेपणाआधी दर एक अंशावर जादा बिंदू घाला, दोन्ही प्रश्न सुटतात. क्यूजीआयएस या नकाशे काढण्याच्या संगणक प्रणालीत ग्रिनिच मध्य असलेल्या इक्वल अर्थचा संकेतांक ८८५७ आहे. ११ अंशांसाठी स्वतःची व्याख्या लिहून त्यात मध्य रेखांश तेवढा बदलायचा.

प्रमाणपट्टीकडे वळू. जगाच्या नकाशाच्या कोपऱ्यात ‘१ सेंटिमीटर = ४०० किलोमीटर’ असे छापलेले असते आणि खाली प्रश्न असतो, ‘दोन शहरांमधले अंतर मोजा’. १०० सेंटिमीटर रुंद मर्केटर नकाशात हे प्रमाण फक्त विषुववृत्तावर खरे आहे. ६० अंशांवर १ सेंटिमीटर म्हणजे २०० किलोमीटर, ७५ अंशांवर सुमारे १०४. मुलाने इमानदारीने मोजलेले उत्तर दुप्पट किंवा चौपट चुकते आणि चूक त्याची नसते. सरळ रेषा सगळ्यात जवळचा मार्ग असते हेही इथे खोटे ठरते. ६० अंश उत्तरेवर बरोबर समोरासमोरची दोन ठिकाणे घ्या. मर्केटरवर त्यांना जोडणारी आडवी रेषा पृथ्वीवर सुमारे १० हजार किलोमीटरची. ध्रुवावरून जाणारा बृहद्वृत्ताचा, म्हणजे गोलावरचा सगळ्यात जवळचा मार्ग सुमारे ६ हजार ६७० किलोमीटरचा. जगाच्या नकाशावरून ती सरळ प्रमाणपट्टी काढून टाका. द्यायचीच असेल तर अक्षांशानुसार बदलणारी, पंख्यासारखी उघडणारी पट्टी द्या. आणि अंतर मोजण्याचा स्वाध्याय पृथ्वीगोल व दोरा घेऊन करायला सांगा.

आमचा सगळ्यात जास्त आग्रह वितरणाच्या नकाशांबद्दल आहे. क्षेत्रघनी नकाशात, म्हणजे आकड्यांप्रमाणे प्रदेशांना गडद-फिके रंग दिलेल्या नकाशात, डोळा रंग आणि रंगाचा विस्तार दोन्ही वाचतो. देश फुगलेला असेल तर त्याचा रंगही फुगतो. दर चौरस किलोमीटरला किती माणसे हे दाखवणारा नकाशा मर्केटरवर काढला, तर जग जवळपास रिकामे दिसते, कारण कॅनडा, रशिया आणि ग्रीनलँडचा फिका रंग जमिनीचा फार मोठा भाग व्यापतो. टिंब पद्धतीत तर चूक थेट मोजता येते. एक टिंब म्हणजे दहा लाख लोक धरले आणि ६० अंशांवरचा प्रदेश चौपट ताणला, की तिथली टिंबे चौपट विरळ दिसतात, म्हणजे घनता एक चतुर्थांश वाचली जाते. आकडे बरोबर, टिंबांची संख्या बरोबर, निष्कर्ष मात्र चूक. तापमानवाढीच्या नकाशात उलटे घडते: आर्क्टिकमधली वाढ खरोखरच जगाच्या सरासरीहून जास्त आहे, पण आयताकृती नकाशात ती त्याहून कितीतरी मोठ्या क्षेत्रावर पसरलेली भासते. जे नकाशे पाहून मुले उद्या मते बनवणार आहेत, ते नकाशे असे निष्काळजीपणे छापू नका. मुलांना रंगवायला दिले जाणारे जगाचे आराखडेही याच कारणासाठी समक्षेत्र हवेत.

आराखडे तयार करणाऱ्यांनी आणखी एक सवय सोडावी. वेब मर्केटर या पडद्यासाठीच्या प्रक्षेपणात सामग्री उघडायची आणि तिथेच क्षेत्रफळ किंवा परिघाचे अंतर मोजायचे, असे होते. त्यात ६० अंशांवर मोजलेले क्षेत्रफळ चौपट येते आणि १०० किलोमीटरचे म्हणून आखलेले वर्तुळ जमिनीवर ५० किलोमीटरचेच असते. पुस्तकातले आकडे अशा मोजणीतून आलेले नाहीत ना, हे तपासून घ्या.

हा पडद्याचा मुद्दा शाळेच्या नकाशाला अधिक जबाबदार करतो. संगणकावरचे बहुतेक सरकते नकाशे २००५ पासून वेब मर्केटरवर चालतात. त्यात जग ८५.०५ अंशांवर कापून बरोबर चौरस केलेले असते, म्हणजे एकात चार, चारात सोळा असे चौकोनी तुकडे पाडता येतात. रस्ता शोधायला हे उत्तम, कारण कोपरे काटकोनातच दिसतात. गूगलने २०१८ पासून संगणकावर नकाशा लहान करत नेला की पृथ्वीगोल दाखवायला सुरुवात केली, ते चांगले झाले. तरी इतर असंख्य ठिकाणी मुलाला दिसणारे जग चौरसच आहे. त्याला दुरुस्त चित्र दाखवणारी जागा उरते ती तुमच्या पुस्तकाची.

पुस्तकात दोन कृती द्याव्यात असे आम्ही सुचवतो. पहिली पृथ्वीगोलाची. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर १ सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर, आणि १ चौरस सेंटिमीटर म्हणजे सुमारे १ लाख ८० हजार चौरस किलोमीटर. पातळ पारदर्शक प्लास्टिक गोलावर घट्ट धरून ग्रीनलँड, सौदी अरेबिया आणि भारत यांच्या कडा बारीक पेनाने गिरवायच्या, प्लास्टिक आलेख कागदावर पसरायचे आणि चौकोन मोजायचे. अर्ध्याहून जास्त भरलेला चौकोन पूर्ण धरायचा, बाकीचे सोडायचे. ग्रीनलँड आणि सौदी अरेबिया प्रत्येकी १२ च्या आसपास आणि भारत १८ च्या आसपास यायला हवा. आफ्रिका १६८ येते, पण ती एका तुकड्यात गिरवू नये. प्लास्टिकला चुण्या पडतात आणि त्या चुण्यांत क्षेत्रफळ हरवते. खंडाचे सहा-सात भाग करून गिरवावेत. चुण्या का पडल्या हे मुलांना विचारावे. गाउसने सिद्ध केलेली गोष्ट त्यांच्या हातात असते.

दुसरी कृती झेरॉक्स यंत्राची. मर्केटर नकाशातला देश विषुववृत्तावर आणून ठेवायचा तर त्याची प्रत अक्षांशाच्या कोज्येइतक्या टक्क्यांवर काढायची. युनायटेड किंग्डम ५९ टक्के, आइसलँड ४२, ग्रीनलँड सरासरी ३१. पण ग्रीनलँड ६० पासून साडेत्र्याऐंशी अंशांपर्यंत पसरलेले आहे. दक्षिण टोकाला ५० टक्के लागतात आणि उत्तर टोकाला ११. एकाच टक्क्यावर काढले तर उत्तरेकडचा भाग फुगलेलाच राहतो आणि खालचा अति आक्रसतो. म्हणून पाच-पाच अंशांच्या पट्ट्या कापा: ६० ते ६५ साठी ४६ टक्के, पुढे ३८, ३०, २२ आणि शेवटच्या टोकासाठी १४. पुष्कळ यंत्रे २५ टक्क्यांच्या खाली जात नाहीत, तेव्हा २२ टक्क्यांसाठी आधी ५० आणि त्याच प्रतीवर ४४ घ्या. १४ साठी आधी ४० आणि मग ३५. पट्ट्या एकमेकींवर ठेवल्या की कडा जुळत नाहीत, पायऱ्या पडतात. त्या पायऱ्या घासून सारख्या करायला सांगू नका. तसेच चिकटवून ते आफ्रिकेच्या नकाशावर ठेवू द्या. ग्रीनलँड अल्जीरियाच्या आसपास मावते हे मुलाने एकदा स्वतः पाहिले की पुढच्या प्रत्येक नकाशाला ते प्रश्न विचारील.

नावाची ओळ कशी असावी याचे नमुने खाली देत आहोत. अक्षर लहान असले तरी चालेल, पण ती ओळ नकाशाच्या चौकटीच्या आत असावी, कारण चौकटीबाहेरचा मजकूर पुनर्मुद्रणात आणि छायाप्रतीत सगळ्यांत आधी कापला जातो.

‘प्रक्षेपण: मर्केटर. दिशा व आकार बरोबर. क्षेत्रफळांची तुलना करू नये. ६० अंशांवर क्षेत्रफळ ४ पट दिसते.’

‘प्रक्षेपण: रॉबिन्सन. तडजोडीचे, ध्रुवाजवळचे प्रदेश खऱ्याहून मोठे दिसतात. अंतर मोजू नये.’

‘प्रक्षेपण: इक्वल अर्थ. क्षेत्रफळ बरोबर, कडेच्या प्रदेशांचे आकार तिरके. अंतर मोजू नये.’

पुढच्या आवृत्तीची पाने लावायला घ्याल तेव्हा या तीन ओळींपैकी योग्य ती ओळ टाकायला कागद वाढत नाही आणि नकाशा पुन्हा काढावा लागत नाही. वितरणाचे नकाशे बदलायला एखादी आवृत्ती जास्त लागली तरी हरकत नाही. ही ओळ मात्र येत्या आवृत्तीतच छापा, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

आपले,
नकाशाशास्त्राचे काही अभ्यासक